शाळांची ‘कॉन्फरन्स’ म्हणजे नेमके काय? न्यू जर्सीतून एका पालकाचे टिपण

अबोली

नमस्कार मंडळी. गेल्या सप्टेंबरात माझी मुलगी नववीत गेली आणि शाळेच्या टेनिस संघातल्या दुसऱ्या दुहेरी जोडीत तिची निवड झाली. पहिल्याच आठवड्यात संघाचे वेळापत्रक हाती आले. त्यात पंधरा लढतींच्या तारखा, बस सुटण्याच्या वेळा आणि प्रत्येक सामन्यापुढे एक शेरा होता. काही सामने ‘डिव्हिजन’चे, काही ‘कॉन्फरन्स’चे, काही या दोन्हींच्या बाहेरचे, ऑक्टोबरात ‘काउंटी’ आणि पुढे ‘स्टेट’. माझे स्वतःचे शालेय खेळ साताऱ्यात तालुका, जिल्हा, विभाग या चालीने झालेले असल्यामुळे ही सगळी एकाच शिडीची पायरी-पायरी असणार असे मी गृहीत धरले, आणि ‘डिव्हिजन जिंकली की कॉन्फरन्स, ती जिंकली की स्टेट’ असे फोनवर आईलाही सांगून टाकले. ते साफ चुकीचे निघाले. हंगाम संपेपर्यंत जे समजले ते इथे मांडते, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले या वयात आली आहेत आणि शाळेतले कोणी हे बसवून समजावून सांगत नाही. त्यांना ते जन्मापासून ठाऊक असते.

मुख्य गोष्ट अशी की इथे दोन स्वतंत्र यंत्रणा शेजारी शेजारी चालतात. आठवड्याचे सामने लावून देणारी ती कॉन्फरन्स, आणि हंगामाच्या अखेरीस अजिंक्यपद ठरवणारी ती राज्यसंघटना. कॉन्फरन्स शाळांची विभागणी शेजार आणि ताकद पाहून करते. राज्यसंघटना ती पटसंख्या आणि नकाशा पाहून करते. त्यामुळे एकच शाळा एका यादीत एकीच्या शेजारी बसते आणि दुसऱ्या यादीत तिसरीच्याच.

आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. इथल्या तीसहून अधिक शाळा मिळून ‘ग्रेटर मिडलसेक्स कॉन्फरन्स’ होते. एडिसन, जे. पी. स्टीव्हन्स, वुडब्रिज, साउथ ब्रन्सविक, पिस्कॅटवे, ईस्ट ब्रन्सविक ही नावे मराठी घरांत ओळखीची आहेत. पण डनेलनसारखी अगदी छोटी शाळाही तिच्यात आहे आणि मेटचनची सेंट जोसेफ ही मुलांची कॅथलिक शाळाही आहे, जिथून बास्केटबॉलपटू कार्ल-अँथनी टाउन्स २०१४ मध्ये बाहेर पडला. इतक्या विषम शाळांना सरसकट एकमेकींशी खेळवले तर निम्मे सामने पहिल्या दहा मिनिटांत संपतील. म्हणून कॉन्फरन्सच्या आत रेड, व्हाइट, ब्लू अशा रंगांच्या डिव्हिजन असतात, आणि त्या खेळागणिक वेगळ्या लावतात. टेनिसमध्ये वरच्या रंगात असलेली शाळा कुस्तीत खालच्या रंगात असू शकते. आपल्या डिव्हिजनमधल्या संघांशी साखळी पद्धतीने खेळायचे, उरलेल्या तारखा कॉन्फरन्समधल्या इतर शाळांशी किंवा बाहेरच्यांशी भरायच्या, आणि हंगामाच्या मध्यावर सगळ्या शाळांची मिळून एक बाद स्पर्धा होते, तिलाच लोक सवयीने ‘काउंटी’ म्हणतात.

राज्यसंघटना १९१८ पासूनची आहे आणि चारशेहून अधिक शाळा तिच्या सभासद आहेत. ती बहुतेक खेळांत सरकारी शाळांचे पटसंख्येवरून चार गट पाडते. खासगी शाळांचे ‘ए’ आणि ‘बी’ असे वेगळे दोन गट असतात. मग सरकारी शाळांच्या प्रत्येक गटातल्या शाळा नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने मांडतात आणि त्या ओळीचे तुकडे पाडून नॉर्थ वन, नॉर्थ टू, सेंट्रल आणि साउथ असे चार विभाग करतात. इमारत किती उत्तरेला आहे याचा प्रत्येक शाळेला चक्क एक आकडा दिलेला असतो. ओळीत कोणी आत आले किंवा बाहेर गेले की सीमेवरची शाळा इमारत जागची न हलता सेंट्रलमधून नॉर्थ टूमध्ये जाते. मला हा प्रकार प्रथम हास्यास्पद वाटला होता. नंतर लक्षात आले की यात कोणाला वशिला लावायला जागाच उरत नाही.

आणि फुटबॉलची, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलची, तऱ्हाच निराळी. त्या खेळात आठवड्याला एकच सामना होतो, संघात पन्नास-साठ मुले लागतात आणि दुबळ्या संघाला बलाढ्य संघासमोर उभे करणे धोक्याचे असते. एका काउंटीत तोलामोलाचे पुरेसे प्रतिस्पर्धी मिळत नाहीत. म्हणून २०२० पासून मिडलसेक्स, युनियन, सॉमरसेट, हंटरडन आणि वॉरन या काउंट्यांतल्या शाळांची फक्त फुटबॉलपुरती ‘बिग सेंट्रल’ नावाची मोठी कॉन्फरन्स झाली आहे. उत्तर जर्सीत असाच प्रयोग २०१६ मध्ये शंभराहून अधिक शाळांनी आधीच केला होता. म्हणजे शेजाऱ्याचा मुलगा फुटबॉल खेळतो तेव्हा एका कॉन्फरन्समध्ये असतो आणि वसंतात बेसबॉल खेळतो तेव्हा दुसऱ्या.

एक प्रसंग सांगते. ऑक्टोबरातला मंगळवार, समोरच्या शाळेची सहा कोर्टे, आणि त्यांना दिवे नाहीत. टेनिसच्या लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने असतात. तीन जिंकणारा संघ लढत जिंकतो. दोन-दोन अशी बरोबरी झाली होती आणि आमच्या मुलींचा तिसरा सेट चार-चारवर होता. सव्वासहाला चेंडू दिसेनासा झाला. दोघी प्रशिक्षिका जाळ्यापाशी आल्या, एकमेकींच्या वहीत गुण लिहून सह्या केल्या आणि मुलींना बसमध्ये बसवले. मला वाटले, बरोबरी दिली असेल. पण लढत डिव्हिजनची होती, तिचा निकाल लागणे भाग होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही शाळांच्या मिळून चार मुली आणि दोन प्रशिक्षिका पुन्हा त्याच कोर्टावर आल्या आणि चार-चारपासून पुढे खेळल्या. एका सेटच्या शेवटासाठी पिवळी बस पुन्हा अकरा मैल आली. हीच लढत कॉन्फरन्सबाहेरची असती तर तिथेच सोडून दिली असती, असे प्रशिक्षिकेने मला परतताना सांगितले. वेळापत्रकावरच्या त्या शेऱ्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

---

चौकस

अबोलीताई, फारच उपयुक्त टिपण. दोन शंका आहेत. एक, ही कॉन्फरन्स सरकारी असते का, आणि तिचा खर्च कोण करते? दोन, एखादा निर्णय पटला नाही तर पालकांनी जायचे कुठे? आमच्या इथे एका मुलाला शाळा बदलल्यावर काही आठवडे बाकावर बसवून ठेवले, आणि ‘नियम राज्याचा आहे, आम्ही काही करू शकत नाही’ यापलीकडे कोणीही काही बोलेना.

---

अबोली

कॉन्फरन्स सरकारी नसते. ती शाळांनी स्वतःहून केलेली संघटना असते, तिची घटना असते, वार्षिक वर्गणी असते, आणि पदाधिकारी म्हणजे त्याच शाळांचे मुख्याध्यापक व क्रीडा संचालक. हे क्रीडा संचालक म्हणजे इथल्या व्यवस्थेचा कणा, आपल्याकडच्या पी.टी.च्या सरांपेक्षा वेगळे पद. बस, पंच, मैदान, रुग्णवाहिका, तिकिटे, पावसामुळे पुढे ढकललेले सामने हे सगळे त्यांच्याकडे. वर्षातून काही बैठकांत ते एकत्र बसून तारखा जुळवतात. वर्गणीतून ढाली, पदके आणि काउंटी स्पर्धेचा खर्च निघतो. बस, गणवेश, प्रशिक्षकांचे मानधन आणि पंचांची फी हा खरा मोठा खर्च शाळा-मंडळाच्या अंदाजपत्रकातून येतो, म्हणजे शेवटी आपल्याच घरपट्टीतून. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या तिकिटांतून थोडे पैसे परत येतात. टेनिसमधून काहीच नाही.

राज्यसंघटनाही कागदोपत्री स्वयंसेवी आहे, पण न्यू जर्सीत १९७९ च्या कायद्याने तिच्या नियमांवर शिक्षण आयुक्तांची नजर असते. त्यामुळे दाद मागण्याची पायरी आधी संघटनेची समिती आणि मग आयुक्त अशी आहे. इथे एक मोठा खटला सांगण्याजोगा आहे. टेनेसीमधल्या ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेला विद्यार्थी ओढून आणण्याच्या नियमाखाली तिथल्या राज्यसंघटनेने दंड केला. शाळा न्यायालयात गेली तेव्हा ‘आम्ही खासगी संघटना आहोत, घटनेचे बंधन आम्हाला लागू नाही’ असा संघटनेचा पवित्रा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. सभासद बहुतांश सरकारी शाळा असतील आणि कारभार त्यांचेच अधिकारी चालवत असतील, तर संघटनेची कृती ही शासनाची कृती मानली जाईल, असा तो निकाल होता. म्हणूनच आजकाल सुनावणीशिवाय मुलाला बाहेर बसवणे त्यांनाही सोपे राहिलेले नाही.

शाळा बदलण्याचा नियम मात्र मला मनापासून पटतो. घर बदलले म्हणून शाळा बदलली तर सहसा अडचण येत नाही. घर तेच आणि शाळा नवी, असे असेल तर काही काळ थांबावे लागते. हा अडसर नसता तर दर ऑगस्टला चांगल्या खेळाडूंचा बाजार भरला असता. तुम्ही सांगता त्या मुलाचे घर खरोखरच बदलले असेल तर भाडेकरार आणि वीजबिल घेऊन क्रीडा संचालकांकडे जावे. त्या कागदांवाचून पुढे काहीच हलत नाही.

---

फ्रिस्कोकर

टेक्सासातून लिहितो. इथे हेच शब्द निराळ्या अर्थाने वापरतात, आणि न्यू जर्सीहून इकडे आलेल्या माझ्या मेहुण्याचा पहिले वर्षभर गोंधळ उडाला होता. टेक्सासात ‘कॉन्फरन्स’ म्हणजे पटसंख्येचा वर्ग, वन-ए पासून सिक्स-ए पर्यंत. तुम्ही ज्याला कॉन्फरन्स म्हणता, म्हणजे शेजारच्या सहा-आठ शाळांचा एकमेकींशी खेळणारा समूह, त्याला इथे ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. आणि तो शाळा आपसांत ठरवत नाहीत. यूआयएल ही राज्यसंस्था दर दोन वर्षांनी नव्याने ठरवते. या संस्थेचा उगम १९१० मध्ये टेक्सास विद्यापीठात, तोही वादविवाद स्पर्धेसाठी झाला, आणि आजही शब्दलेखन, अंकगणित व एकांकिका यांच्या स्पर्धा तीच खेळांबरोबर भरवते.

ऑक्टोबरअखेर प्रत्येक शाळेचा पट मोजला जातो, डिसेंबरात वर्गांच्या सीमारेषा जाहीर होतात आणि फेब्रुवारीत नव्या डिस्ट्रिक्टांच्या याद्या. त्या सकाळी ठिकठिकाणी प्रशिक्षक एका सभागृहात जमलेले असतात. यादी हाती पडली की आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये कोण आले ते पाहून लगेच, अक्षरशः तिथल्या तिथे उभ्या उभ्या, डिस्ट्रिक्टबाहेरच्या तारखा एकमेकांशी पक्क्या करतात. २०२४ ते २०२६ या फेरीत सिक्स-एची सीमा २२७५ विद्यार्थ्यांची होती. दुसऱ्या टोकाला वन-ए, जिथे पट शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि अकराऐवजी सहा जणांचे फुटबॉल खेळतात. मैदान ऐंशी यार्डांचे, आणि उत्तरार्धात पंचेचाळीस गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच थांबवतात.

पटसंख्येवर सगळे बेतलेले असल्यामुळे शाळा किती मोठी करायची हा प्रश्नच खेळाचा होऊन बसतो. आमच्या फ्रिस्को शाळा-मंडळाने जाणीवपूर्वक शाळा लहान ठेवल्या. गाव वाढेल तशा नव्या शाळा काढत काढत त्या बारा झाल्या. हेतू हा की बारा शाळा म्हणजे बारा बास्केटबॉल संघ, बारा वाद्यवृंद आणि बारा नाटके, म्हणजेच मुलांना बारापट जागा. शेजारच्या ॲलन गावाने बरोबर उलटे केले. सगळ्या गावाची एकच प्रचंड शाळा, आणि तिच्यासाठी २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार प्रेक्षकांचे मैदान. शुक्रवारी रात्री ते भरलेले पाहणे हा अनुभव थोर आहे, यात वाद नाही. पण तिथे आठवीत बरे खेळणारे मूल अकरावीत संघात असेलच असे नाही, आणि माझा मुलगा बरा या वर्गातला असल्यामुळे माझे मत फ्रिस्कोकडे झुकते हे आधीच कबूल करतो.

पात्रतेचा नियम इथे कडक आहे. १९८४ मध्ये राज्याच्या शिक्षण सुधारणा कायद्याबरोबर तो आला, ‘नो पास, नो प्ले’ या नावाने. गुणपत्रकात एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गेलात की सामने बंद. सराव मात्र चालू ठेवता येतो. डिस्ट्रिक्टचा रोजचा कारभार त्यातल्या शाळा-मंडळांच्या प्रतिनिधींची कार्यकारी समिती पाहते. शाळा बदलून आलेल्या खेळाडूचा अर्जही तिच्यासमोर जातो, म्हणजे निर्णय देणारे बहुतेक जण प्रतिस्पर्धी शाळांचे असतात. चौकस यांच्या तक्रारीचे मूळ इथे तरी याच खुर्च्यांत आहे.

---

सह्यकडा

कॅलिफोर्नियाची भर घालतो, थोडक्यात. इथली राज्यसंघटना १९१४ ची, तिचे दहा सेक्शन आणि प्रत्येक सेक्शनमध्ये लीग. कॉन्फरन्स हा शब्द आम्ही फारसा वापरत नाही. फ्रीमॉन्ट, न्यूअर्क आणि युनियन सिटी या गावांच्या परिसरातल्या शाळांची मिशन व्हॅली लीग आहे, इतकी आटोपशीर की बहुतेक सामन्यांना मुले घरच्या गाडीनेही पोचू शकतात. क्युपर्टिनोकडच्या सांता क्लारा व्हॅली लीगमध्ये डी अँझा ही वरची आणि एल कॅमिनो ही खालची अशा पायऱ्या आहेत, आणि संघ कामगिरीवरून वर-खाली होतात. आपल्या लोकांसाठी विशेष म्हणजे इथे बॅडमिंटन हा अधिकृत शालेय खेळ आहे, वसंत ऋतूत होतो आणि मुले-मुली एकाच संघात असतात.

क्रिकेटबद्दल कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांची स्वतःची लीग १९०३ पासूनची आहे, आणि तिने २००८ मध्ये क्रिकेट सुरू केले. कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई मुलांची मागणी होती म्हणून ते झाले. कोणता खेळ घ्यायचा हे वरून ठरत नाही. पुरेशा शाळा संघ उभे करायला तयार झाल्या की खेळ यादीत येतो.

---

मैदानातले सर

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात शारीरिक शिक्षण शिकवतो. बावीस वर्षे झाली. हा धागा दोनदा वाचला आणि मनात जे आले ते लिहितो, कारण आमची व्यवस्था बाहेरून शिडीसारखी दिसते आणि तिच्यात जी गोष्ट नाही ती नेमकी अबोलीताईंच्या टिपणात सापडली.

आमच्याकडे चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे वयोगट आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि मग १९५४ साली स्थापन झालेल्या भारतीय शालेय खेळ महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. खेळासाठी राज्याचे आठ विभाग आहेत. महसुली विभाग सहा, पण आमचे कोल्हापूर आणि तिकडचे लातूर हे क्रीडेत स्वतंत्र. सगळे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत चालते आणि गटांसाठी पटसंख्येचा विचार कुठेही होत नाही. अठराशे पटाची तालुक्याची मोठी शाळा आणि एकशे चाळीस पटाची डोंगरातली शाळा एकाच कबड्डीच्या सोडतीत येतात. वयाचा दाखला मात्र डोळ्यांत तेल घालून तपासला जातो. तुमच्याकडे शाळेचा आकार मोजतात, आमच्याकडे मुलाचे वय मोजतात, एवढा हा फरक आहे.

आणि सगळे बाद पद्धतीने. माझा सतरा वर्षांखालील खो-खोचा संघ जूनपासून सराव करतो. ऑगस्टमध्ये भर पावसात, चिखल झालेल्या मैदानावर भुसा टाकून तालुका स्पर्धा होते. गेल्या वर्षी पहिला सामना सकाळी साडेदहाला सुरू झाला आणि अकराच्या आत आम्ही एका गुणाने हरलो. पोरांनी डबे उघडले तेव्हा ते अजून गरम होते. त्या बारा-पंधरा पोरांचा वर्षाचा स्पर्धात्मक खेळ तेवढाच. दहावीतल्या मुलांना राज्य मंडळाचे सवलतीचे क्रीडागुणही वरच्या पातळीवर गेल्याशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे हरलेल्या संघातल्या मुलाला पालक दुसऱ्या दिवसापासून शिकवणीला पाठवतात, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. अबोलीताईंच्या मुलीला मोसमात पंधरा लढती मिळाल्या. माझ्या उत्तम खो-खोपटूला पाच वर्षांत मिळून तेवढे सामने मिळालेले नाहीत.

म्हणून मला राज्यसंघटनेत रस नाही. ती शिडी आमच्याकडेही आहे. मला हवी आहे ती खालची आठवड्याची साखळी. पाच-सहा शाळांनी आपसांत ठरवायची, कोणाची परवानगी लागणार नाही अशी. तिचा हिशेब कसा बसवतात, हे जरा उलगडून सांगाल का?

---

गजाभाऊ

सर, मुंबईत अशी परंपरा जुनी आहे. मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन ही शाळांचीच संघटना, आणि हॅरिस व गाइल्स शील्ड तीच भरवते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची भागी झाली ती हॅरिस शील्डमध्येच, शारदाश्रमकडून. तेव्हा शाळांनी एकत्र येणे आपल्याला नवे नाही. मात्र मुंबईत मैदाने आणि लोकल दोन्ही हाताशी होती, हेही खरे.

---

दोन मुलांचा बाप

सगळे इतके गोड नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. आमची शाळा वरच्या रंगात टाकली गेली ती तीन वर्षांपूर्वीच्या एका असामान्य तुकडीच्या जोरावर. ती मुले शाळा संपवून गेली, संघ पडला, पण पुढची फेरमांडणी होईपर्यंत आम्ही त्याच रंगात. मागच्या मोसमात डिव्हिजनमध्ये एकही विजय नाही. खासगी शाळा चहूकडून मुले घेतात आणि सरकारी शाळेला तिच्या हद्दीतल्याच मुलांवर भागवावे लागते, तरी कॉन्फरन्समध्ये दोघे एकाच यादीत, ही दुसरी तक्रार. आणि फुटबॉलच्या या महाकाय कॉन्फरन्समुळे नदीपलीकडच्या जुन्या वैऱ्याशी होणारे सामने गेले, हे दुःख तर कोणी लिहितच नाही. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, सकाळचे ते सामने आता मोजकेच उरले आहेत. फिलिप्सबर्ग आणि पेनसिल्व्हेनियातले ईस्टन अजून डेलावेअर नदी ओलांडून भेटतात, त्याही दोन वेगळ्या राज्यसंघटनांतल्या शाळा असून. त्या सामन्याला कोणत्याही तक्त्यात गुण नाहीत, आणि गर्दी मात्र सगळ्यात जास्त.

---

अबोली

तुमचा पहिला मुद्दा मान्य. फेरमांडणी ठरावीक वर्षांनीच होते आणि मधल्या काळात मुले भरडली जातात. कॅलिफोर्नियाची वर-खाली पद्धत त्यापेक्षा बरी वाटते. खासगी शाळांचा वाद मात्र मिटणारा नाही. राज्याने त्यांचे गट वेगळे केले, आणि २०२२ पर्यंत सगळ्या गटांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडायची जी स्पर्धा होती तीही बंद केली, तरी कॉन्फरन्समध्ये त्यांना ठेवावे लागते, नाहीतर त्यांना आठवड्याला खेळायला शेजारी कोण उरेल? थँक्सगिव्हिंगच्या सामन्यांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. राज्याची बाद फेरी नोव्हेंबरभर लांबली की त्या गुरुवारसाठी मुलांच्या अंगात काही उरत नाही, एवढे कारण मला दिसते.

सर, तुमच्यासाठी. आमच्या क्रीडा संचालकांना मी विचारले की अगदी मुळापासून सुरू करायचे तर काय लागते. ते हसून म्हणाले की एक कागद, एक पेन्सिल, आणि शब्द फिरवला तर लाज वाटेल असे पाच सहकारी. सहा शाळा धरा. प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा खेळायचे तर पंधरा सामने होतात, आणि ते पाच शनिवारांत बसतात, दर शनिवारी तीन. कागदावर पहिली शाळा जागच्या जागी ठेवायची आणि बाकी पाच घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक घर सरकवायच्या, म्हणजे समोरासमोरच्या जोड्या आपोआप तयार होतात. प्रत्येक सामना दोघींपैकी एकीच्या मैदानावर, आणि यजमान कोण ते आधीच लिहून ठेवायचे. जिंकल्यास दोन गुण, बरोबरीस एक.

त्यांनी आग्रहाने सांगितलेल्या तीन गोष्टी वेगळ्या लिहिते. पंच यजमान शाळेचा नको, त्या सामन्यात न खेळणाऱ्या शाळेचा किंवा गावातला जुना खेळाडू असावा. रद्द झालेल्या सामन्यासाठी सहावा शनिवार पहिल्या दिवसापासूनच राखून ठेवावा, कारण नंतर शोधलेली तारीख कोणालाच सोयीची नसते. आणि हरलेल्या शाळेने ‘आता आमचे काही उरले नाही’ म्हणून शेवटच्या शनिवारी न येणे, हा साखळीचा खरा शत्रू आहे. त्यासाठी न येणाऱ्या संघाचे दोन गुण कापावेत, असे सहाही मुख्याध्यापकांच्या सहीने आधीच ठरवावे.

---

मैदानातले सर

ताई, आभार. कागदावर सहा नावे लिहून काटे फिरवून पाहिले, बरोबर पंधरा जोड्या निघाल्या. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते, तेव्हा बारा वाजता सामना लावता येईल. पाऊस टाळायला ऑगस्ट नको. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे शनिवार धरले आहेत, म्हणजे तालुका स्पर्धेत हरलेल्या मुलांनाही पुढे काहीतरी उरेल. सुरुवात खो-खोने करू, कारण त्याला दोन खांब आणि चुना यापलीकडे काही लागत नाही. दोन शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तीन ठिकाणी वडापने जावे लागेल. जीपवाल्याशी बोललो, पंधरा पोरे दोन खेपांत नेतो म्हणाला.

चार मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. पाचवे म्हणतात की ढाल कोण देणार ते आधी सांगा. सहावे आमचेच, त्यांनी फक्त एवढे विचारले की पंचाच्या चहा-नाश्त्याचे बिल यजमान शाळेने द्यायचे की पाहुण्या शाळेने. तुमच्याकडे यावर काय ठरलेले आहे?

---

अबोली

पंचांचा खर्च यजमानाकडे, सर. परतीच्या सामन्यात तो आपोआप फिटतो. तुमची साखळी एकेरी असल्यामुळे काहींच्या वाट्याला तीन यजमानपदे येतील आणि काहींच्या दोन. तेवढा हिशेब पहिल्याच बैठकीत बोलून घ्या.